पहिल्या ट्रकची पीयूसी: धूर तपासणी नीट कशी करून घ्यायची

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापुरात पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला, देणाऱ्या केंद्रांसमोर ट्रकांची गर्दी वाढते. वर्षभर ज्या कागदाकडे कुणी ढुंकून बघत नाही, तो कागद आता एकदम आजच्या आज हवा असतो. पहिली गाडी घेतलेला माणूस या गर्दीत हमखास गोंधळतो. ड्रायव्हर एक सांगतो, एजंट दुसरं, आणि केंद्रावरचा पोरगा मान वर न करता "गाडी लावा" एवढंच म्हणतो. आमच्या घरच्या गाड्यांची देखभाल आणि कागदपत्रं मी बघतो. सुरुवातीला जे मला कुणी सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

आमची पहिली गाडी जुनी होती, घेतलेली सेकंडहँड. पहिल्यांदा मी ती सकाळी सात वाजता, घरासमोरून थेट पीयूसीला नेली. गर्दी नको म्हणून लवकर गेलो. धुराचा आकडा आला ३ च्या वर, गाडी नापास. तिथून दुसरीकडे गेलो, तर तिथे सायलेन्सरमध्ये नळी न घालताच कागद काढून द्यायची तयारी होती. तो कागद मी घेतला नाही, पण त्यात माझा शहाणपणा नव्हता, निव्वळ भीती होती. गाडी तशीच शिवाजी उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी एअर क्लीनरचं झाकण काढलं, फिल्टर बाहेर घेतला आणि खाली पसरलेल्या पोत्यावर हलकेच आपटला. काळी, बारीक, चमकणारी रेती पडली. शिरोलीच्या फौंड्रीची. आधीचा मालक तिथलीच भाडी मारायचा. मिस्त्री म्हणाले, "भावा, गाडीचं नाक बंद केलंस आणि म्हणतोस खोकते का." नवा फिल्टर टाकला, गाडी हायवेला फिरवून गरम केली, आणि त्याच दुपारी आकडा २ च्या खाली आला. डिझेलच्या पंपाला, डिझेल फवारणाऱ्या नोझलला कुणी हात लावला नव्हता.

आधी आपली गाडी कुठल्या बीएसची, ते बघा

बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठी सरकारने ठरवलेल्या मानकाचा टप्पा. सगळं इथून सुरू होतं, कारण मर्यादा आणि मुदत दोन्ही त्यावर ठरतात. आरसी बुकावर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की उत्सर्जन मानकाच्या रकान्यात ते दिसतं. ढोबळ हिशोब असा: बीएस ३ देशभर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आलं, बीएस ४ सगळीकडे १ एप्रिल २०१७ पासून, आणि बीएस ६ १ एप्रिल २०२० पासून. बीएस ५ आपल्याकडे आलंच नाही, सरकारने ते वगळून थेट उडी घेतली. पण गाडी कोणत्या साली घेतली यावरून अंदाज बांधू नका, कागदावर काय छापलंय तेच धरा.

डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे धुराची दाटी मोजणं. बीएस ४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस ४ ला १.६२ आणि बीएस ६ ला ०.७. हे आकडे कसले? मशिनमधल्या नळीत एका टोकाला दिवा असतो, दुसऱ्या टोकाला तो उजेड पकडणारा डोळा. मधून धूर जातो आणि उजेड अडतो. किती अडला, त्यावरून दर मीटरला धूर किती उजेड गिळतो याचा आकडा निघतो. जुन्या पद्धतीत हेच हार्ट्रिज एककात सांगतात: २.४५ म्हणजे ६५, १.६२ म्हणजे ५०. म्हणजे ४३ सेंटिमीटरच्या धुरात शंभरातला ६५ टक्के उजेड अडला तरी जुनी गाडी काठावर पास होते. इतकी ढील असूनही गाडी नापास होत असेल, तर तिच्यात खरंच काहीतरी बिघडलंय असं समजा.

नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ ला बारा महिन्यांची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची मुदत मिळते.

आदल्या दिवशीची कामं

आधी धुराचा रंग बघा. पहाटे नाही, गाडी तापल्यावर, आणि शक्यतो चढाला लागलेली असताना. गगनबावड्याकडे चढताना मागून येणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरला विचारलंत, तरी तो खरं सांगेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बोचा सील गेलाय. गाडी गरम होऊनही पांढरा धूर राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. निळा किंवा पांढरा धूर असेल तर पीयूसीला जाऊच नका, आधी मिस्त्री गाठा.

काळ्या धुराचं मात्र बरंच काही आपल्या हातात असतं, आणि नवे मालक इथेच पैसे वाया घालवतात. कुणीतरी सांगतं, "पंप खोलायला लागतोय." पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला देणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. मी कामं या क्रमाने करतो. सर्वात आधी एअर फिल्टर. आपल्याकडे फौंड्रीची रेती, उसाची धूळ, राधानगरीकडची बॉक्साइटची लाल माती असल्या वाटेवर गाडी असेल, तर कंपनीने पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या बऱ्याच आधी फिल्टर चोंदतो. हवेच्या नळीने बाहेरून जोरात फुंकून साफ केला तर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. फुंकायचाच असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. त्यानंतर टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा बघा. रेस दिल्यावर फुस्स असा आवाज येत असेल, होजच्या टोकाला तेलकट काळं दिसत असेल, तर तिथून हवा निसटतेय आणि सगळा दोष बिचाऱ्या पंपाच्या माथी जातोय. डिझेल फिल्टर खालचं पाणी सोडा, पावसाळ्यानंतर तर नक्की. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) शेवटी कधी लावले ते डायरीत बघा. ऑइलची पातळी खुणेच्या वर गेलेली नको, कमी तर नकोच, कारण उद्या गाडीला पूर्ण रेस द्यायची आहे.

सायलेन्सरला भोक असेल तर ते बुजवून घ्या. बाहेरची हवा आत शिरून आकडा कमी येतो आणि तपासणीच खोटी ठरते. काहीजण मुद्दाम तसं ठेवतात. कागद मिळतो, पण बिघाड गाडीतच राहतो आणि डिझेलच्या बिलात दर महिन्याला वसूल होतो.

गाडी गरम करा, आणि खरी गरम करा

माझी पहिली चूक हीच होती. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि चांगली गाडीसुद्धा वाईट आकडा दाखवते. तपासणीच्या वेळी इंजिन ऑइल निदान ६० अंशांवर असायला हवं. इथे नवे लोक फसतात, कारण डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा असतो. पाणी लवकर तापतं, ऑइल मागाहून. जागेवर उभी ठेवून गाडी वीस मिनिटं चालू ठेवली तरी काम होत नाही, उलट आयडलिंगमध्ये सायलेन्सरमध्ये काजळी जमते आणि पहिल्या रेसला ती सगळी नळीत येते. गाडी चालवून आणा. गोकुळ शिरगावहून कागलपर्यंत जाऊन परत या, नाहीतर भाडं उतरवून येतानाच केंद्रावर थांबा. भाडं मारून आलेली गाडी पीयूसीला सर्वात योग्य असते, वेगळं डिझेलही जळत नाही.

केंद्रावर

आरसी जवळ ठेवा आणि मालकाचा चालू मोबाइल नंबर द्या. नोंद झाल्याचा निरोप त्यावर येतो आणि २०२१ पासून हा नंबर देणं आवश्यक आहे. शासनाने ठरवलेले दर फलकावर लिहिलेले असतात, तेवढेच द्या आणि पावती घ्या.

गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चाकाला ठोकळा लावून उभी करा. एसी, एक्झॉस्ट ब्रेक, टिपर असेल तर पीटीओ (हौदा उचलायला इंजिनाची ताकद घेणारी जोडणी), सगळं बंद. क्लीनरला गाडीच्या मागे उभं राहू देऊ नका. लहान पोरं कुतूहलाने जवळ येतात, त्यांना लांब पाठवा.

आता काय व्हायला हवं ते सांगतो, कारण ते माहीत असेल तरच चुकीचं काय चाललंय ते कळतं. ऑपरेटर ऑइलच्या दांड्याच्या जागी तापमानाची तार घालतो आणि इंजिनाचे फेरे मोजायला सेन्सर लावतो. मग सुरुवातीला काही वेळा नुसतीच रेस द्यायची असते, जमलेली काजळी बाहेर काढायला. त्यानंतर सायलेन्सरमध्ये नळी आत जाते. ॲक्सिलरेटर झटक्यात, पण लाथ न मारता, पूर्ण खाली दाबायचा. इंजिन जिथे आपोआप अडतं त्या टोकापर्यंत जाऊ द्यायचं आणि सोडायचं. आयडलवर स्थिर झालं की पुन्हा. दरवेळी मशीन त्या रेसमधला सर्वात दाट धूर टिपतं. लागोपाठची चार वाचनं एकमेकांच्या जवळपास आली आणि ती सतत उतरत नसली, की त्यांची सरासरी हाच तुमचा आकडा.

सतत उतरत असतील तर काजळी अजून निघतेय, थांबू नका, आणखी रेस द्या. ऑपरेटरला घाई असते. "अजून दोनदा घेऊया का" असं साधेपणाने विचारा, बहुतेक जण ऐकतात.

आणि अर्धी रेस देऊ नका. आमच्या एका ड्रायव्हरने पहिल्यांदा प्रेमाने तसंच केलं. पाय हळूहळू दाबत नेला, म्हणजे धूर येणार नाही, मालक खूश होईल. इंजिनाला हळू रेस दिली तर हवेला पोचायला वेळ मिळतो आणि धूर लपतो, हे खरं. पण हायवेला सांगली फाट्यावरून लोड घेऊन निघताना तोच पाय झटक्यात दाबला जातो, आणि तेव्हाचा धूर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. मी त्याला पुन्हा पूर्ण रेस द्यायला लावली. आकडा वाढला, पण मर्यादेत राहिला.

जुन्या गाडीच्या गव्हर्नरबद्दल, म्हणजे इंजिनाचे फेरे हद्दीत अडवणाऱ्या भागाबद्दल, शंका असेल, इंजिन वर जाऊन अडत नसेल, तर ते आधीच सांगा आणि तपासणी थांबवा. पीयूसीच्या रेसमध्ये इंजिन धावून फुटलं तर भरपाई कुणी देत नाही. काही नव्या गाड्या उभ्या असताना रेस आपणहून मर्यादित ठेवतात. तो दोष नाही, ऑपरेटरला तेवढं सांगितलं की पुरे.

कागद हातात आल्यावर

तिथेच उभं राहून वाचा. गाडी नंबर, इंधन डिझेल, बीएसचा टप्पा, मर्यादा, आलेला आकडा, तारीख, मुदत, क्यूआर कोड. बीएस ३ च्या गाडीवर चुकून १.६२ ची मर्यादा, किंवा याच्या उलट, असं मी पाहिलं आहे. आकड्याच्या जागी ०.०१ वगैरे छापलेलं असेल आणि गाडी दहा वर्षांची असेल, तर तो कागद खोटा आहे हे मोटार वाहन निरीक्षकाला एका नजरेत कळतं. देशभर एकच नमुना असल्याने कोगनोळी ओलांडून कर्नाटकात गेलात तरी हीच पीयूसी चालते, नोंद सरकारच्या 'वाहन' संगणक प्रणालीत दिसते.

नापास झालात तर नाकारल्याची स्लिप मागून घ्या. त्यावर आकडा आणि कारण असतं. मिस्त्रीला ती दाखवली की काम नेमकं होतं. केंद्राच्या मशीनबद्दलच शंका असेल तर तीच स्लिप घेऊन दुसरीकडे तपासता येतं. भांडायची गरज नाही.

चालू पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, एवढी तरतूद आहे. गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचं लायसन्स यात जाऊ शकतं. त्यामुळे कागद संपलेली गाडी ड्रायव्हरच्या हातात देणं मला अन्यायच वाटतो. रस्त्यावर धूर दिसला तर अधिकारी कागद असूनही तपासणीला सांगू शकतात. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, जाताना चालू पीयूसी लागतेच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. दोन्ही तारखा मोबाइलमध्ये महिनाभर आधीच्या लावून ठेवा.

बीएस ६ वाल्यांसाठी वेगळं

तुमची गाडी बीएस ६ असेल तर धुराचा आकडा बहुतेक शून्याजवळ येईल, आणि म्हणूनच गाफील राहाल. पीयूसीचं मशीन फक्त काजळी बघतं. नायट्रोजनचे ऑक्साइड ते मोजत नाही, आणि बीएस ६ चा बराच खर्च त्यांच्यासाठीच आहे. कंपनीने इंजिन विक्रीला आणण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ते डायनोवर, म्हणजे भार टाकून इंजिन तपासणाऱ्या यंत्रावर, चढवून ग्रॅम प्रति किलोवॅट तास या हिशोबात तपासलं जातं. बीएस ४ ला ३.५ ग्रॅम चालायचे, बीएस ६ ला स्थिर चाचणीत ०.४. ही घट घडवतं ते युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ. सायलेन्सरमध्ये ते फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो आणि विषारी वायूचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर होतं.

ड्रायव्हर त्याला नुसतं युरिया म्हणतात, आणि इथेच आपल्या जिल्ह्यात घोटाळा होतो. घरात उसाच्या खताचं पोतं असतं. एखादा हुशार माणूस सुचवतो की तोच पाण्यात कालवला की झालं. कृपा करून करू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी असतं. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचं आवरण दिलेला येतो, त्यात इतर अशुद्धताही असते, आणि आपलं विहिरीचं पाणी क्षाराचं. पांढरे खडे होऊन फवारणी बंद पडते, मग हा विषारी वायू बदलणारा महागडा उत्प्रेरक जातो. कॅनवर आयएसओ २२२४१ छापलेलं बघा, सील आपण फोडा, कॅन उन्हात ठेवू नका, आणि डिझेलचं नरसाळं यात वापरू नका.

युरिया संपला की गाडी आधी दिवा दाखवते, मग ताकद कमी करते. त्यावर उपाय म्हणून एक छोटी डबी विकली जाते, जी इंजिनाच्या संगणकाला सगळं ठीक आहे असं खोटं सांगते. युरियाचे पैसे वाचतात, पीयूसीही पास होते. पण ती गाडी बीएस ६ च्या किमतीला घेतलेली असून धूर मात्र जुन्या गाडीचा सोडते, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोल्हापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतलं शहर आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. सर्वात जास्त हा धूर कोण घेतं? ट्रकमध्ये झोपणारा ड्रायव्हर आणि क्लीनर. माझ्या गाडीत ती डबी कधीच लागणार नाही.

दुसरी गोष्ट डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. भरला की गाडी स्वतः तो जाळून साफ करते, त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यावेळी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. दिवा लागला की गाडी बंद करू नका, हायवेला चालत ठेवा. उभं राहून करायची वेळ आली तर जागा बघा. ऊसतोडीच्या फडात वाळल्या पाचटावर गाडी उभी करून रिजनरेशन करणं म्हणजे आगीला आमंत्रण. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाजवळही नाही. मोकळ्या मुरमाच्या जागेवर, मागे कुणी नाही हे पाहूनच.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. पीयूसी झाली की आकडा आणि त्या दिवसाचे किलोमीटर गाडीच्या डायरीत लिहा. आमच्या जुन्या गाडीच्या पानावर ओळीने १.८, १.९, १.९ आणि मग एकदम २.३ असं लिहिलंय. २.३ ला कागद मिळाला होता, गाडी पासच होती. तरी दुसऱ्या दिवशी नोझल काढून दिली, एक टपकत होती.